बासरी कपाटात, किल्ली बाबांकडे

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा बारावी सायन्सला. लहानपणापासून बासरी शिकतोय, संगीताची मध्यमा परीक्षा पूर्ण केलीय, स्वतः गती (वाद्यावर वाजवायच्या बंदिशी) बांधतो. चाचणीत ५८ टक्के पडले म्हणून वडिलांनी सीईटी होईपर्यंत बासरी कपाटात कुलूपबंद केलीय. प्रश्न असा: ‘इंजिनिअरिंग की बी. ए. संगीत? सोलो नाही जमलं तर सिनेमाला संगीत देईन म्हणतो. मलाही ते पटतं.’

५८ टक्क्यांचं मला काही वाटत नाही, कुलपाचं वाटतं. बासरीचा सूर ओठांच्या ठेवणीवर आणि फुंकेवर असतो. काही महिने हात लावला नाही की दोन्ही बिघडतं, लांब बासरीवर बोटंही आखडतात. बरं, वाचलेला वेळ अभ्यासात गेला? तसं तुम्ही लिहिलेलं नाही. मार्क वाढले असते तर नक्की लिहिलं असतं. लिहिलंय ते इतकंच, की तो हल्ली जेवताना बोलत नाही.

सोलो नाही तर सिनेमा आहेच, हा गैरसमज मात्र बापलेकांचा सारखाच दिसतो. बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया १९५७ मध्ये कटक आकाशवाणीत लागले, मग मुंबईत वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवत राहिले, मैफली गाजवल्या आणि त्यानंतर संतूरवादक शिवकुमार शर्मांबरोबर ‘सिलसिला’ सिनेमाला (१९८१) संगीत दिलं. (चौरसियांच्या वडिलांना पोरगा पैलवान व्हायला हवा होता!) बासरीवादक पन्नालाल घोषांनी ‘बसंत’ सिनेमाला (१९४२) संगीत दिलं आणि लांब बासरी मैफलीत बसवली तीही त्यांनीच. सोलो हुकला म्हणून संगीतकार झालेलं यात कुणी नाही. शिवाय त्या कामाला कीबोर्डवर हात, स्टाफ नोटेशन (पाश्चात्य स्वरलिपी), वाद्यमेळ, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर हे सगळं वेगळं शिकावं लागतं. चिरंजीवांनी त्यातलं काय सुरू केलंय?

बाकी रस्ते नेहमीचेच: संगीताची विशारद परीक्षा, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, आकाशवाणीची ऑडिशन (ग्रेड मिळते, पगार नाही).

बासरी आजच बाहेर काढा. मग दोघं गुरुजींकडे जा आणि एवढंच विचारा: हा पुढेमागे एकट्याने तासभर राग मांडेल, अशी लक्षणं आहेत का? ते नाही म्हणाले तर खुशाल इंजिनिअरिंगला घाला. हो म्हणाले, तर मॅनेजमेंट कोट्यासाठी बाजूला ठेवलेत म्हणता ते पैसे त्याच्या पुण्यातल्या राहण्या-शिकण्याला लावा.