एकाच डोंगलने पहिला लॅपटॉप झाला, दुसऱ्यापासून पीएक्सई अडकतं

तुम्ही लिहिलंय की इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या ऑफिसात नवे 30 लॅपटॉप आलेत, एससीसीएममधून (ऑफिसातली सगळी मशीन सर्व्हरवरून सांभाळणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) विंडोज 11 टाकायचंय, पहिला व्यवस्थित झाला आणि दुसऱ्यापासून पीएक्सई बूटच, म्हणजे नेटवर्कवरून मशीन सुरू होणंच, होत नाही. बाकीच्यांनी डीएचसीपी (आयपी ॲड्रेस वाटणारी सेवा) आणि बायोस तपासायला सांगितलंय. पण त्याच वायरवर, त्याच मॉडेलचा पहिला लॅपटॉप झालाय ना? मग मी आधी वेगळंच विचारेन: सगळ्यांना एकच यूएसबी डोंगल (नेटवर्कची वायर जोडायचं ॲडॉप्टर) लावताय का?

पलासियाजवळच्या एका ऑफिसात याच दुखण्यापायी माझ्या दोन रात्री गेल्या. बूट इमेज (मशीन ज्यावरून सुरू होतं ती फाइल) तीनदा नव्याने बनवली, डिस्ट्रिब्युशन पॉइंटवर, म्हणजे ती वाटणाऱ्या सर्व्हरवर, पुन्हा पुन्हा पाठवली. दोष तिच्यात नव्हताच. मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, डोंगलचा असतो, लॅपटॉपचा नाही. पहिलं इन्स्टॉलेशन झालं की एससीसीएम तो मॅक त्या लॅपटॉपच्या नावावर नोंदवतं. तेच डोंगल दुसऱ्याला लावलं की सर्व्हरला वाटतं, हा तर जुनाच गडी! तुमची टास्क सिक्वेन्स (इन्स्टॉलेशनच्या पायऱ्यांची यादी) फक्त अननोन कॉम्प्युटर्सना, म्हणजे सर्व्हरकडे नोंद नसलेल्या मशीनना, डिप्लॉय केलेली असेल, तर ओळखीच्या मशीनला ती मिळणारच नाही.

खात्री करायला डिस्ट्रिब्युशन पॉइंटवर एसएमएसपीएक्सई लॉग उघडा आणि डोंगलचा मॅक शोधा. त्यापुढे ‘डिव्हाइस इज इन द डेटाबेस’ आणि खाली ‘नो ॲडव्हर्टाइजमेंट्स फाउंड’ दिसलं, तर निदान पक्कं.

इलाज असा: हायरार्की सेटिंग्ज उघडा, ‘क्लायंट अप्रूव्हल अँड कॉन्फ्लिक्टिंग रेकॉर्ड्स’ टॅबवर जा आणि डुप्लिकेट हार्डवेअर आयडेंटिफायर्समध्ये त्या डोंगलचा मॅक घाला. मग सर्व्हर तो मॅक सोडून देतो आणि मशीनला त्याच्या एसएमबायोस जीयूआयडीवरून (मदरबोर्डमधला स्वतंत्र ओळख क्रमांक) ओळखतो. जितकी डोंगलं, तितके मॅक घालावे लागतील. पहिल्या लॅपटॉपचं रेकॉर्ड डिलीट करून काम भागवा असं कोणी सांगेल. कृपा करून तसं करू नका. पुढचा लॅपटॉप झाला की तीच अडचण पुन्हा उभी राहील, आणि चालू मशीनची नोंद हकनाक जाईल.

एवढं करून विंडोज पीईपर्यंत (इन्स्टॉलेशनपुरती चालणारी छोटी विंडोज) पोचलात आणि तिथे अडलं, तर बूट इमेजमध्ये कमांड सपोर्ट चालू करून एफ8 दाबा. त्याने येणारी काळी कमांड खिडकी उघडी असेपर्यंत मशीन रीबूट होत नाही, त्यामुळे शांतपणे बघता येतं. तिथे आयपीकॉन्फिग कमांडला काहीच दिसलं नाही तर नेटवर्क ड्रायव्हर नाही, 169.254 ने सुरू होणारा ॲड्रेस आला तर डीएचसीपीपर्यंत पोच नाही. डिस्कपार्ट कमांडच्या लिस्ट डिस्कमध्ये डिस्कच नसेल, तर इंटेलच्या लॅपटॉपवर मला आधी व्हीएमडीच्या (इंटेलचा डिस्क कंट्रोलर) ड्रायव्हरचा संशय येतो. घड्याळही पाहून घ्या, तारीख चुकीची असेल तर सर्टिफिकेट नाकारलं जातं. काम झाल्यावर एफ8 बंद करायला विसरू नका, त्या खिडकीत कोणालाही पूर्ण अधिकार मिळतात.

तरीही जमलं नाही तर एक्स ड्राइव्हवरच्या विंडोज, टेम्प, एसएमएसटीएसलॉग या फोल्डरमधल्या लॉगच्या शेवटच्या 20-30 ओळी इथे टाका. मॅक आणि सर्व्हरची नावं मात्र आधी झाकून घ्या.