पाइप फिरवायला सुरुवात कुठून करायची?

प्रश्न : पाइप फिरवून सगळीकडे पाणी पोचवायचं कोडं मी मोबाइलवर खेळते. ७ × ७ घरांच्या चौकटीपर्यंत जमतं, पुढे अडकते. टाकीपासून सुरुवात करते. चुकतं कुठे?

उत्तर : तिथेच! टाकी बहुधा मधोमध असते. तिथल्या तुकड्यांना चारही बाजू मोकळ्या, म्हणून नुसते अंदाज बांधावे लागतात. कडेकडून आत या. कोपऱ्यातला एल्बो (काटकोनात वळलेला दोनतोंडी तुकडा) एकाच प्रकारे बसतो. कडेचा सरळ पाइप कडेला समांतरच, टीची (T आकाराच्या तीनतोंडी तुकड्याची) पाठ कडेलाच. कडेच्या एल्बोचं एक तोंड आत नक्की. दुसरं डावीकडे की उजवीकडे, एवढंच शोधायचं. ठरलेला तुकडा लगेच लॉक करा, नाहीतर बोट लागून फिरतो आणि चूक भलतीकडेच शोधत बसता.

मग एकतोंडी तुकडे. शेजारचे दोन समोरासमोर आले की दोघंच जोडले जातात, पाणी पोचत नाही. ती शक्यता खोडा. पाणी फिरून त्याच जागी येईल असं वेटोळंही बहुतेक कोड्यांत चालत नाही. मोठ्या चौकटीत हा नियम फार उपयोगी पडतो.

मात्र डावी कड उजवीला जोडलेली असेल, म्हणजे डावीकडून बाहेर गेलेलं पाणी उजवीकडून आत येत असेल, तर कडेचे नियम विसरा. १९८९चा ‘पाइप मेनिया’ हा संगणकावरचा खेळही वेगळा : तिथे तुकडा फिरवता येत नाही, आला तसाच बसवायचा.