एकच पदार्थ धर

प्रिय मुली,

तुझा प्रदूषणावरचा बासष्ट पानांचा अहवाल मी दोनदा वाचला. त्यात कोपरखैरण्याचा रात्रीचा वास आहे, कासाडी नदी आहे, कारखान्यांच्या सांडपाण्याने निळे झालेले तळोज्याचे 2017 सालचे कुत्रे आहेत, डोंबिवलीचे 2016 आणि 2024 चे स्फोट आहेत, कीटकनाशकंही आहेत. सगळं खरं आहे. आणि रविवारी दारात चपला घालताना तू मला विचारलंस, "मावशी, पण हे नेमकं कुणाला नेऊन द्यायचं?" तेव्हापासून मला नीट झोप नाही, म्हणून लिहायला बसले.

कायदा शिकू, पीएचडी करू की स्पर्धा परीक्षा देऊ, हा तुझा खरा प्रश्नच नाही. तू हातात काहीच घट्ट धरलेलं नाहीस, हा प्रश्न आहे. एक पदार्थ धर. एकच. पदार्थाला नाव असतं, मर्यादा असते, मोजायची रीत असते आणि ती मर्यादा पाळली की नाही याचं उत्तर द्यायला बांधलेला कुणीतरी अधिकारी असतो. 'प्रदूषण' म्हटलंस की प्रत्येक टेबलावरून तुला पुढच्या टेबलाकडे पाठवतील.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं काढली. लेड क्रोमेटच्या, म्हणजे शिशाच्या पिवळ्या पावडरीच्या, गोण्या फोडणाऱ्या माणसांचे हात, बनियन, कानाच्या पाळ्यासुद्धा पिवळ्या असायच्या. दुपारी नळावर हात खळबळायचे आणि त्याच हातांनी डबा खायचे. 1948 च्या कारखाना कायद्यात सरकारला कळवायच्या आजारांची यादी होती, आणि त्यात पहिलंच नाव शिशाच्या विषबाधेचं होतं. मला ती यादी पाठ होती. तरी मी एकाही माणसाचं रक्त तपासायला लावलं नाही. घराचा हप्ता होता, मुलगा लहान होता. ही कारणं मी पुष्कळदा उगाळली, त्यांनी काही हलकं झालं नाही.

नोकरी सुटल्यावर भरपाई करायची म्हणून मी सगळ्याच विषांवर तुटून पडले. नाल्यांतून बाटल्या भरून आणल्या. एका कार्यालयात साहेबांनी बाटली माझ्याकडे परत सरकवली: "नमुना कुणासमोर घेतला?" त्यांचं बरोबर होतं. 1974 च्या पाणी कायद्यानुसार कोर्टात टिकणारा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसाने घ्यायचा असतो, मालकाला नोटीस द्यायची असते, त्याच्यासमोर दोन भाग करून सील-सही करायची असते. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई, आणि हे मला तेव्हा कळलं! अकरा वर्षं निवेदनं दिली. शिक्के मारलेल्या पोचांची थप्पी अजून कपाटात आहे. कुठल्याही नियमातली एक ओळ त्यांनी बदलली नाही.

आता शिशाचं बघ. अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी बोस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, ती मुलं बुद्धीच्या चाचण्यांत आणि वर्गातल्या लक्षात मागे पडतात, हे त्यांनी 1979 मध्ये दाखवलं. पुढे शिसे-उद्योगाच्या बाजूने साक्ष देणाऱ्या तज्ज्ञांनी त्यांच्यावर गैरप्रकाराचे आरोप केले, चौकशा झाल्या. आरोप टिकले नाहीत, आणि त्यांनी शिसं सोडलं नाही. आपल्याकडे बंगळुरूचे जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. तुप्पिल वेंकटेश यांनीही शिसंच धरलं. पेट्रोलमधलं शिसं 2000 साली देशभरातून गेलं. रंगांसाठी 2016 मध्ये नियम झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला: 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त शिसं चालणार नाही. माझ्या गोण्यांतली पावडर आठवून ती अधिसूचना वाचताना मी रडले होते.

पण त्या नियमाचं नाव नीट वाच. तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे. औद्योगिक रंग त्याच्या बाहेर. मग बागेतल्या लोखंडी घसरगुंडीवर, शाळेच्या बाकाच्या पायांवर कोणता रंग लागतो? पोपडे निघतात, धूळ होते, पोर बोटं तोंडात घालतं. शिशाला शरीर कॅल्शियम समजून हाडात साठवतं, आणि मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं मूल शोषून घेतं. सुरक्षित म्हणावी अशी मात्रा नाही.

तर महापालिकेच्या उद्यान विभागाची खेळण्यांची निविदा माहितीच्या अधिकारात माग. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर अपील कर, फोन करत बसू नकोस. रंगाच्या रकान्यात नुसतं 'इनॅमल, दोन हात' एवढंच असेल, तर त्यापुढे 'शिसे 90 पीपीएमपेक्षा कमी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या दाखल्यासह' हे शब्द घालून घेणं हेच तुझं काम. त्यासाठी कदाचित दिल्लीला जावंही लागणार नाही.

तू म्हणशील, कासाडी काळी वाहतेय आणि मावशी घसरगुंडी सांगतेय. म्हण. वासाची तक्रारही जरूर कर, रहिवासी म्हणून कर. पण आयुष्याचं काम म्हणून एकच पदार्थ. माझे जुने सोबती मला हेकट म्हणतात. सगळ्या विषांविरुद्ध एक मोठा जाहीरनामा निघाला होता, त्यावर मी सही केली नाही. मी फूट पाडली असं भर बैठकीत म्हणाले. त्यातल्या दोघांशी आजही बोलणं नाही. मला त्याचं वाईट वाटतं, पण सही मी आजही करणार नाही. त्यातल्या कुठल्याच मागणीपुढे कोणत्या टेबलाने काय करायचं ते लिहिलेलं नव्हतं, आणि अकरा वर्षं तसलेच कागद मी स्वतः वाटले होते.

शिसंच धर असा माझा हट्ट नाही. पेट्रोलच्या वाफेतलं बेंझीन धर, त्याची हवेतली मर्यादा 2009 पासून ठरलेली आहे. पण उगाच महिनाभर विचार करत बसू नकोस.

पुढच्या रविवारी ये. अहवाल आणू नकोस. अर्जाची पोच आण.

तुझी मावशी
कोपरी, ठाणे