साताऱ्यातली १९६८ ची फियाट बघायला जातोय, पहिलीच जुनी गाडी आहे; नेमकं काय तपासू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांकडे होती तशी फियाट ११०० डिलाइट हवी आहे, साताऱ्यात १९६८ ची एक सापडली आहे, मालकाने नुकताच नवा रंग मारून घेतलाय, इंजिन 'एक नंबर' आहे असं तो सांगतो, तीन लाख म्हणतोय आणि येत्या रविवारी तुम्ही बघायला जाणार आहात. गाड्यांतलं तुम्हाला फारसं कळत नाही, हेही तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय.

मला यातलं 'नुकताच रंग मारलाय' एवढंच खटकलं. का ते सांगतो.

२०११ साली मी कोल्हापुरात एक पद्मिनी (डिलाइटचंच पुढचं रूप) घेतली. दुधी रंग, ताजा, आरशासारखा. पहिल्या सेल्फला चालू झाली, गिअर लोण्यासारखे पडत होते, मी जागेवरच बयाणा दिला. जुलैत पन्हाळ्याला जाताना चाक पंक्चर झालं. जॅक लावला, दांडा फिरवतोय, जॅक वर चाललाय, पण गाडी जागची हलेना. वाकून बघितलं तर जॅक दाराखालच्या पत्र्यात घुसत चालला होता. बोट घातलं तर मूठभर गंज हातात आला, त्यामागे दगडासारखी लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी), आणि लांबीला आधार म्हणून आत कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे. माझी बायको शेजारी छत्री धरून उभी होती. ती काही बोलली नाही, ते जास्त लागलं. पुढे पत्र्याच्या कामाला गाडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे गेले.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी कागद, मग पत्रा, इंजिन सगळ्यात शेवटी. नवखा माणूस नेमका उलटा जातो. बॉनेट उघडतो, आवाज ऐकतो आणि खूश होतो. फियाटचं १०८९ सीसीचं इंजिन अगदी साधं आहे. रिंग-पिस्टन बदला, बोअर मारून घ्या, कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्यातही हे काम करणारे आहेत. जुनं चालू इंजिन अख्खंच्या अख्खं मिळू शकतं. पत्रा तसा मिळत नाही. या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. दाराखालचे लांब पोकळ कप्पे, पायाखालचा पत्रा, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे बसतात ती जागा, यांच्यावर सगळी गाडी उभी असते. ते सडले की वरचा रंग कितीही सुंदर असो, तुम्ही मखरात बसलाय.

जाताना जुने कपडे घाला. सोबत एक सतरंजी, चांगला टॉर्च, बोथट स्क्रूड्रायव्हर आणि फ्रिजवर लावतात तसला छोटा लोहचुंबक घ्या. चुंबक पातळ कापडात गुंडाळा, नाहीतर मालकाच्या नव्या रंगावर ओरखडा उठेल आणि बोलणी तिथेच संपतील. हा चुंबक दाराखाली, चाकांच्या कमानींवर, दारांच्या खालच्या कडेला, डिकीच्या कडांना लावत जा. चांगल्या पत्र्यावर तो टपकन चिकटतो. लांबी जाड असेल तर घसरून पडतो. पन्नाशी उलटलेल्या गाडीत कुठेच लांबी नसेल अशी अपेक्षा ठेवू नका. दारावर, फेंडरवर पातळ थर असतोच, त्याने काही बिघडत नाही. पण दाराखाली चुंबक पडला की समजून जा.

मग आतला मॅट उचला. मालक म्हणेल, 'चिकटवलाय साहेब.' म्हणू द्या, उचला. पुढच्या काचेचं रबर म्हातारं झालं की पाणी डॅशबोर्डमागून उतरतं आणि पायाशी साचतं, वरून कुणालाच दिसत नाही. डिकीतली स्टेपनी बाहेर काढून तिच्या खालची जागा बघा, तिथेही पाणी बसतं. दारांच्या तळाशी पाणी जायला बारीक भोकं असतात. रंगवाल्याने ती बुजवली असतील तर दार आतून सडायला लागलेलं असतं. सतरंजीवर झोपून खालून टॉर्च मारा. खाली सगळीकडे ताजा जाड काळा थर फासलेला दिसला तर मी जास्त सावध होतो. स्क्रूड्रायव्हरने हलकं ठोकून बघा. निरोगी पत्रा टणटण वाजतो, सडका भद्द आवाज देतो.

माझी आवडती परीक्षा मात्र जॅकची. मालकाला विचारून एका बाजूने गाडी जॅकवर घ्या, आणि उचललेल्या बाजूची दारं उघडून-लावून बघा. आधी नीट लागणारं दार आता अडकायला लागलं, दाराची फट वर आणि खाली सारखी राहिली नाही, तर बॉडी वाकतेय. मालकाने जॅक लावायला नकार दिला तर चहा पिऊन परत या.

आता कागद, म्हणजे खरं तर पहिली पायरी. राग अनावर झाल्यामुळे पत्र्याबद्दल आधी लिहून बसलो. १९६८ च्या गाडीचं आरसी बुक हाताने लिहिलेलं असणार. नंबर एमएच यायच्या आधीचा, एमने सुरू होणारा तीन अक्षरी. त्या बुकातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबरांशी एकेक आकडा जुळवा. कारकुनाच्या हस्ताक्षरात ३ चा ८ होतो, आणि एवढ्या एका आकड्यासाठी पुढे आरटीओत महिने जातात. नंबरावर पांढरा कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या. इंजिन बदललेलं असेल तर बुकात त्याची नोंद हवी. नोंद नसलेलं बदललेलं इंजिन या वयाच्या गाडीत सर्रास सापडतं.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे बुकात त्या नोंदी एकामागून एक दिसायला हव्यात. मध्येच वीस वर्षांची पोकळी असेल तर गाडी कुठेतरी गोठ्यात उभी होती असं समजा. विलंबाचा खर्च आणि हरित कर कोण भरणार ते आधी ठरवा. नंबर परिवहनच्या ॲपवर टाकून बघा. जुनी नोंद संगणकावर चढलेलीच नसेल तर ॲपला ती गाडी माहीतच नसते, मग आरटीओत बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. ती मालकाने करून द्यावी आणि नंतरच पूर्ण पैसे घ्यावेत, असं स्पष्ट बोला. आणि बुकात नाव कुणाचं आहे? पुष्कळदा ते वारलेल्या वडिलांचं असतं. मग गाडी तुमच्या नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मच्या आधी गाडी ३१ नंबरच्या फॉर्मने वारसाच्या नावावर व्हावी लागते, बाकीच्या भावंडांच्या संमतीसह. भावंडं एकमेकांशी बोलत नसली तर ती गाडी विसरा.

तुम्ही 'विंटेज नंबर घेऊ का' असंही विचारलंय. जुलै २०२१ मध्ये केंद्राने नियम केला: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या वेळी ५,०००, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. (रॅलीवाले हा शब्द निराळा वापरतात. त्यांच्या हिशेबात विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी. तुमची फियाट त्यांच्यासमोर कालची पोर.) अडचण अशी की विंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला चालत नाही. तुम्हाला रविवारी आईला घेऊन सासवडला जायचं असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा. निदान पहिली काही वर्षं.

आता इंजिन. आदल्या दिवशी फोन करून सांगा, 'गाडी चालू करून ठेवू नका, मी आल्यावरच करू.' गेल्या गेल्या बॉनेट उघडून रेडिएटरला हात लावा. गरम असेल तर मालकाने गुपचूप तापवून ठेवलीय, म्हणजे थंड असताना ती चालू होताना कटकट करते. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. आत तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या पट्टीवर चहासारखा दुधट फेस दिसला तर हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालची, म्हणजे हेडखालची सील) गेलंय. याचं हेड ॲल्युमिनियमचं, तापून वाकतं. चालू केल्यावर कुणाला तरी मागे उभं करा. सकाळी थोडी पांढरी वाफ येते, ती जाते. निळा धूर जात नसेल तर इंजिन ऑइल खातंय, काळा असेल तर कार्बोरेटरचं काम आहे, आणि ते काम स्वस्तातलं. ओळखीच्या मेकॅनिककडे कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं यंत्र) असेल तर चारही सिलिंडर मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा चारही एकमेकांच्या जवळ आहेत का हे महत्त्वाचं. मेकॅनिक नेताना साठीच्या पुढचा न्या, ज्याने तरुणपणी फियाटच केल्या. स्कॅनर घेऊन फिरणाऱ्या पोरांना डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर) उघडून पॉइंटची गॅप लावता येत नाही, यात त्यांचा दोष नाही.

चालवून बघायला साताऱ्यात उत्तम जागा आहे: यवतेश्वरचा घाट. मालकाला घेऊन वर चढा. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडतं आणि गाडी रांगते. चाळीस-एक हॉर्सपॉवरची गाडी आहे, ओरडणं थोडं सोसा, पण तापमानाचा काटा बघत राहा. वर थांबवा, पाच मिनिटांनी पुन्हा चालू करा. तापलेली फियाट चालू व्हायला रुसते. इंजिनला लावलेल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवायची जुनी युक्ती मालकाला ठाऊक असेल तर त्याने गाडी खरंच चालवलीय, एवढं तरी कळेल. उतरताना ब्रेक. चारही चाकांना ड्रम आहेत, आताच्या गाडीसारखी ती खिळत नाही, पण एकाच बाजूला ओढत नाही ना ते बघा. खाली आल्यावर पेडल दाबून मिनिटभर तसंच धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर (ब्रेकला दाब देणारा मुख्य पंप) गळतोय. गाडी त्याच दिवशी घरी चालवत आणू नका, ट्रेलर करा.

स्टिअरिंग थोडं सैल असणारच. पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. खटखट आली तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं तो खिळा) आणि त्याचे बुश झिजलेत. स्टिअरिंगलगतच्या हातगिअरचा दांडा गिअर शोधत फिरवावा लागत असेल तर बहुतेक लिंकेजचे (दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सळ्यांचे) बुश झिजलेत. दोन्ही कामं नेहमीची, किमतीतून वजा करायची, घाबरायची नाही. टायरच्या बाजूवर ठोकलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. वायरिंग नवीन करावीच लागणार, असं धरून चाला. पेट्रोलचे रबरी पाइपही बदला, कारण आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल त्या काळच्या रबराला सोसत नाही.

एक सावधगिरी शब्दांची. हल्ली कुठलीही जुनी फियाट दिसली की विकणारा तिला 'डुक्कर फियाट' म्हणून भाव चढवतो. डुक्कर म्हणजे आधीचं गोल अंगाचं मॉडेल, १९५४ पासूनचं, ज्याची पुढची दारं उलटी उघडायची. कुर्ल्याच्या कारखान्यातून डिलाइट १९६४ पासून निघाली आणि तीच पुढे पद्मिनी झाली. म्हणूनच तिच्या इंजिनाचे भाग अजून मिळतात. मिळत नाहीत ते डिलाइटचेच खास: ग्रिल, क्रोमच्या पट्ट्या, मागच्या दिव्यांच्या काचा. एखादी गायब असेल तर 'कुर्ल्यात मिळेल हो' यावर विश्वास ठेवू नका.

तीन लाख जास्त की कमी हे मी इथे बसून सांगणार नाही. कागद साफ, जॅकची परीक्षा पास आणि क्रोम पूर्ण असेल तर इंजिन धूर मारत असलं तरी मी घेईन. उलट असेल तर दीड लाखालाही नको.

आणि निघायच्या आधी मालकाला एक विचारा: 'माळ्यावर काही पडलंय का?' जुने लोक गाडीचं काढलेलं काहीही फेकत नाहीत. माझ्या दुसऱ्या गाडीच्या वेळी त्या काकूंनी माळ्यावरून एक गाठोडं खाली टाकलं. जुन्या धोतरात गुंडाळलेल्या चारही मूळ व्हीलकॅप होत्या, आणि गाडीवर तेव्हा बाजारातल्या स्टीलच्या लावलेल्या होत्या.