मुलीला उपग्रह गटातून काढावे का? एका वडिलांच्या पत्राला उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपले चार पानी पत्र मिळाले. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून त्यातील आशय आधी थोडक्यात मांडतो. आपण लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहता, एसटीत वाहक आहात आणि आपली मुलगी पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार अभियांत्रिकीच्या) दुसऱ्या वर्षात शिकते. पहिल्या वर्षअखेर ८.४ असलेला तिचा सीजीपीए, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांची दहापैकी सरासरी, तिसऱ्या सत्राच्या निकालानंतर ७.९ वर आला. ती विद्यार्थ्यांच्या उपग्रह गटात काम करते आणि वसतिगृहावर उशिरा परतते. त्यातच तिच्या फोनवर रोज नव्या संधीची सूचना येते, कधी हॅकेथॉनची (ठरावीक वेळेत तांत्रिक उपाय बनवण्याच्या स्पर्धेची), कधी उन्हाळी फेलोशिपची, तर कधी एखाद्या क्लबच्या भरतीची, आणि प्रत्येकीला अर्ज करण्याच्या धडपडीत तिची ओढाताण होते आहे. शेजारच्या मुलाने गेटचा, म्हणजे अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा, क्लास लावला आहे. एका संस्थेने साठ हजार रुपये भरून परदेशी इंटर्नशिप देऊ केली आहे. ‘तिला गटातून काढावे का, आणि साठ हजारांची सोय करावी का,’ असे आपण विचारता.

दोन्ही प्रश्नांचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र पहिल्या ‘नाही’ला एक अट जोडावी लागेल, आणि ती नीट समजण्यासाठी हा गट काय काम करतो हे आपल्याला माहीत असायला हवे. मुले घरी सगळे सांगत नाहीत, आणि सांगितले तरी इंग्रजी शब्दांच्या गर्दीत ते आईवडिलांपर्यंत पोहोचत नाही.

२२ जून २०१६ रोजी सकाळी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी३४ या यानाने एकाच उड्डाणात वीस उपग्रह अवकाशात नेले. त्यांतील ‘स्वयम्’ नावाचा, जेमतेम एक किलो वजनाचा उपग्रह आपल्या मुलीच्या कॉलेजातील विद्यार्थ्यांनी बांधलेला होता. हौशी रेडिओचालकांचे संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवणे हे त्याचे काम होते. एवढ्याशा डब्याला आकाशात एका दिशेला स्थिर कसे ठेवायचे, हा त्यातला अवघड भाग होता. मोठ्या उपग्रहांत त्यासाठी फिरती चाके किंवा लहान इंजिने असतात. इथे तेवढी जागाही नव्हती आणि वीजही नव्हती. म्हणून मुलांनी आत एक कायमचा चुंबक बसवला. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळते, तसा हा उपग्रह त्या क्षेत्राशी जुळत राहावा, आणि त्याचे डोलणे हळूहळू शमावे म्हणून विशिष्ट मिश्रधातूच्या पट्ट्या, अशी ही रचना होती. तिला विजेचा एक कणही लागत नाही.

आता यातील वर्षांचा हिशेब पाहा. काम २००८ मध्ये सुरू झाले आणि उपग्रह २०१६ मध्ये उडाला. पदवी चार वर्षांची असते. म्हणजे ज्यांनी पहिली आकृती काढली, त्यांच्यापैकी कोणीही विद्यार्थी असताना उड्डाण पाहिले नाही. ते केव्हाच नोकरीला लागले होते किंवा पुढच्या शिक्षणासाठी बाहेर पडले होते. वर्तमानपत्रांत बातमी झळकली तेव्हा गटात असलेली मुले काम सुरू झाले त्या वेळी शाळेत होती. मग मधल्या तुकड्यांना काय मिळाले? त्यांना मिळाल्या त्या चाचण्यांच्या नोंदी, फसलेल्या विद्युत मंडलांची कारणे आणि पुढच्या तुकडीला समजेल अशा भाषेत ते सगळे लिहून ठेवण्याची सवय. माझ्या दृष्टीने ही कमाई बातमीपेक्षा मोठी आहे. कॉलेजची बातमी कॉलेजची असते. मुलाखतीत मात्र समोरचा माणूस एवढेच विचारतो, ‘यातले तू नेमके काय केलेस?’

मी अंतिम वर्षाच्या मुलांच्या सराव मुलाखती घेतो. मागे दोन मुले एकाच दिवशी आली होती. पहिल्याच्या फाइलमध्ये प्रमाणपत्रे इतकी होती की तिची क्लिप लागत नव्हती. त्यांतील एका स्पर्धेबद्दल मी विचारले तेव्हा प्रकल्पाचे नावही त्याला पटकन आठवेना. दुसऱ्याकडे एक साधी दोनशे पानी वही होती. त्याने मधले एक पान उघडून माझ्यासमोर धरले. थरथरीच्या चाचणीत एका तारेचा सांधा तीन वेळा सुटला होता; तिन्ही वेळची तारीख, सांधा कुठून तुटला याचे पेन्सिलीने काढलेले चित्र, आणि चौथ्या वेळी तारेला दिलेला छोटा बाक व त्यावर लावलेला चिकट लेप, एवढे त्या पानावर होते. त्याच्या गटाचे यंत्र स्पर्धेत अपयशी ठरले होते, आणि तेही त्याने न विचारता सांगितले. त्या एका पानावर आमचे बोलणे वीस मिनिटे चालले. आपली मुलगी अशी वही ठेवते का, हे तिला जरूर विचारा. ठेवत नसेल तर आजपासून ठेवू द्या.

आता अटीकडे वळतो. सीजीपीए ८.४ वरून ७.९ वर येणे हे वरवर पाहता फारसे गंभीर वाटत नाही, पण तो तीन सत्रांचा सरासरी आकडा आहे. तिन्ही सत्रांचे श्रेयांक (क्रेडिट) साधारण सारखे धरले, तर एकट्या तिसऱ्या सत्रात ती ६.९ च्या आसपास आहे, आणि आपली काळजी रास्त आहे ती इथे. कॅम्पस मुलाखतींना येणाऱ्या बऱ्याच कंपन्या गुणांची एक किमान रेषा आखून देतात आणि त्या रेषेखालच्या मुलाची वही कितीही चांगली असली तरी ती उघडण्याची वेळच येत नाही. त्याहून मोठा धोका बॅकलॉगचा आहे. एक विषय राहिला की पुढच्या सत्रात त्याचे ओझे वाहावे लागते, कित्येक कंपन्या बॅकलॉग असलेल्यांना बसूच देत नाहीत, आणि आपण लिहिल्याप्रमाणे तिला मुलींसाठीच्या ‘प्रगती’ शिष्यवृत्तीचे वर्षाला ५०,००० रुपये मिळत असतील, तर तिच्या नूतनीकरणासाठीही पुढच्या वर्गात गेल्याचा दाखला लागतो. म्हणून अट अशी : तिने गटात राहावे, पण मधल्या परीक्षेच्या आधीचा एक आठवडा आणि एंडसेमच्या, म्हणजे सत्रअखेरच्या परीक्षेच्या, आधीचे तीन आठवडे गटाची खोली तिच्यासाठी बंद. हे तिने स्वतः गटातील सीनियरना सत्राच्या सुरुवातीलाच सांगावे. चांगल्या गटात हे मान्य होते, कारण सीनियरनाही परीक्षा असतात. मान्य होत नसेल, तर तो गट सोडण्याचे ते एक सबळ कारण ठरेल आणि मग मीच तिला तसे सांगेन.

शेजारच्या मुलाच्या गेट क्लासमुळे मन अस्वस्थ होऊ देऊ नका. त्या परीक्षेला तिसऱ्या वर्षापासून बसता येते आणि तिचे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात. दुसऱ्या वर्षात सिग्नल्स, नेटवर्क्स आणि गणित हे विषय मन लावून केले तर गेटची निम्मी तयारी वर्गातच होते.

सूचनांच्या महापुराचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे वेळ जातो आणि हाती काय आले ते कळत नाही. ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’चेच उदाहरण घ्या. २०१७ पासून चालणारी ही स्पर्धा चांगली आहे. तिच्या संघात सहा जण लागतात आणि त्यात किमान एक मुलगी असावी असा नियम आहे. नियमामागचा हेतू स्तुत्य आहे. परंतु शेवटच्या दिवशी ‘आम्हाला एक मुलगी हवी आहे, फक्त नाव दे’ असे निरोप मुलींना येतात, हे मी अनेकींकडून ऐकले आहे. असा निरोप आला तर तिने एकच प्रश्न विचारावा : ‘माझ्याकडे कोणता भाग असेल?’ उत्तर मिळाले नाही तर नाव देऊ नये. नुसत्या नावापुरत्या सहभागाने तिचा वेळ जातो आणि त्याहून वाईट म्हणजे स्वतःच्या कामाबद्दलचा तिचा विश्वास कमी होतो.

वर्षाला बाहेरची एक संधी निवडावी आणि तिच्यासाठी दोन महिने आधीपासून तयारी करावी, असे मी सुचवेन. तिच्या शाखेला आणि आवडीला जुळणाऱ्या दोन मला दिसतात. बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. विद्यार्थी सुमारे दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतो आणि त्याला विद्यावेतन व रेल्वेचे भाडे मिळते. अर्ज आदल्या वर्षीच दिवाळीच्या सुमारास भरायचे असतात, आणि नेमके त्या वेळी मुले सबमिशनच्या घाईत असल्याने तारीख निघून जाते. अर्जात आपल्याला काय करायचे आहे ते स्वतःच्या शब्दांत लिहावे लागते आणि ओळखीच्या प्राध्यापकांचे शिफारसपत्र लागते. शिफारस मागायला आदल्या दिवशी जाणारा विद्यार्थी आणि वर्षभर शंका विचारायला येणारा विद्यार्थी यांच्यातला फरक प्राध्यापकांना पत्र लिहिताना आठवतोच. ती कोणत्या वर्षी पात्र ठरते, हे त्या त्या वर्षीच्या सूचनेत तिने पाहून घ्यावे.

दुसरी संधी तिच्या कॉलेजापासून फार दूर नाही. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांतल्या चौदा मध्यभागी आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. तिथे ज्यावर रात्रंदिवस काम चालते ते अँटेना, रिसीव्हर आणि कमी गोंगाटाचे वर्धक (क्षीण संकेत मोठे करणारी मंडले) हेच विषय तिला तिसऱ्या वर्षात शिकायचे आहेत. दुर्बीण चालवणारे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पुण्यातच, गणेशखिंडीत आहे आणि विद्यार्थ्यांना ते प्रशिक्षणासाठी घेते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरते व सर्वसामान्यांना दुर्बीण जवळून पाहता येते. आपण आणि घरच्यांनी तिच्याबरोबर एकदा अवश्य जावे. तबकडीखाली उभे राहून ती आपल्याला जे समजावून सांगेल, त्यावरून तिला हा विषय किती भावला आहे ते आपल्या लक्षात येईल.

ती संध्याकाळी मुळा नदीच्या पात्रात वल्ही मारायला जाते, अशी तक्रारही आपण केली आहे. ती कृपया मागे घ्या. ती जिथे वल्ही मारते तो बोट क्लब या कॉलेजची जुनी शान आहे, आणि दिवसभर सोल्डरिंगच्या धुरात बसलेल्या मुलीला तासभर मोकळी हवा मिळते आहे.

साठ हजारांविषयी मात्र मी स्पष्टच लिहितो. जो काम देतो तो पैसे मागत नाही. वर सांगितलेल्या फेलोशिपमध्ये उलट विद्यार्थ्यालाच पैसे मिळतात. गूगलच्या ‘समर ऑफ कोड’ या मुक्त सॉफ्टवेअरवर काम करण्याच्या, २००५ पासून चालणाऱ्या उपक्रमातही तसेच आहे. आगाऊ शुल्क, ‘आजच जागा निश्चित करा’ अशी घाई आणि कोणत्या प्रयोगशाळेत कोणाच्या हाताखाली काम करायचे याचे अस्पष्ट उत्तर, या तिन्ही गोष्टी आपण जोडलेल्या माहितीपत्रकात आहेत. एका वाहकाच्या पगारातले साठ हजार म्हणजे किती फेऱ्या आणि किती मुक्कामी गाड्या, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. ते पैसे राहू द्या. खर्च करायचाच असेल तर त्यातल्या थोड्या रकमेत तिला एक चांगला मल्टिमीटर आणि सोल्डरिंगचा संच घेऊन द्या.

आपण रविवारी रात्री फोन करता आणि पहिला प्रश्न गुणांचा विचारता, असे पत्रात आहे. पुढच्या रविवारी ‘या आठवड्यात गटात काय केलेस, मला मराठीत सांग’ असे विचारून पाहा. सुरुवातीला ती अडखळेल. चुंबकाची आणि होकायंत्राची गोष्ट आता आपल्याला माहीत आहे, तिथून बोलणे सुरू करता येईल.

चौथ्या सत्राचा निकाल लागला की मला पुन्हा लिहा, आणि त्या पाकिटात तिच्या वहीतील एका पानाची झेरॉक्स आठवणीने पाठवा.

आपला,
करिअर मार्गदर्शक