बी.ए. इकॉनॉमिक्स झालंय, मराठी मीडियम, गाव निपाणीजवळ. डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्समध्ये एम.ए. करावं का? गणित किती लागतं, कन्नड नीट येत नाही ते चालेल का, आणि नोकरी काय मिळते?

कर की. पण "गरिबांसाठी काहीतरी करायचंय" एवढ्याच जोरावर करणार असशील तर नको, ती कळकळ पहिल्या सेमिस्टरच्या मायक्रो इकॉनॉमिक्सच्या पेपरातच संपते. तुला अरे-तुरे करते, राग मानू नको, मी पण त्याच बाजूची आहे.

गणिताचं आधी उरकून टाकते. लागतं, भरपूर लागतं. कॅल्क्युलस, मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी आणि रिग्रेशन, एवढं हातात नसेल तर पहिलं वर्ष जड जातं, आणि आपल्याकडच्या बी.ए.त डिमांड कर्व्ह काढून चार मुद्दे लिहिले की पास, त्यामुळं हे कुणी शिकवलेलंच नसतं. एन्ट्रन्सच्या आधी उन्हाळाभर बसून अकरावी-बारावी सायन्सचं गणिताचं पुस्तक सोडव, लाजू नको. "विकासाला गणित कशाला, माणूस समजला पाहिजे" असं म्हणणारे मास्तर भेटतील, त्यांचं ऐकू नको, त्यांना स्वतःला येत नाही म्हणून ते तसं म्हणतात. नंतर बाकीचं स्टाटा किंवा आर या सॉफ्टवेअरवर करता येतं. मला तर गणितापेक्षा इंग्रजी जड गेलं, पण तेही वर्षभरात जमतं.

आता मी हे उत्तर का लिहायला बसले ते सांगते. तू प्रश्नात खाली लिहिलंयस की "घरी आई बिड्या वळते, त्याचा एसओपीमध्ये (ॲडमिशनच्या अर्जासोबतच्या निवेदनात) उल्लेख करावा का, का त्यानं इम्प्रेशन खराब होईल?" ते वाचून डोकंच फिरलं. माझी आई पण बिड्या वळायची, मावशी पण, गल्लीतल्या निम्म्या बायका वळायच्या. रात्री पानं भिजत घालायची, सकाळी पत्र्याच्या मापानं कापायची, आणि मग मांडीवर सूप घेऊन जी बसायची ती स्वयंपाकाला तेवढी उठायची. माझी शाळेतली स्कॉलरशिप आईच्या बिडी कामगार कार्डावर आलेली.

तर एम.ए.ला पहिल्याच वर्षी लुईसचं मॉडेल शिकवतात. आर्थर लुईस, १९५४ चा पेपर, १९७९ ला नोबेल. थोडक्यात काय, तर पारंपरिक क्षेत्रात गरजेपेक्षा जास्त माणसं असतात, त्यातली काही काढून कारखान्यात नेली तरी मागं उत्पादन फारसं घटत नाही. मॉडेल चांगलं आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण आमच्या सरांनी उदाहरण काय दिलं, तर "घरी बसून बिड्या वळणाऱ्या बायका बघा, टाइमपास म्हणून केलेलं काम, उत्पादकता जवळपास शून्य." मी मागच्या बाकावर. हात वर केला आणि विचारलं की सर, हजार बिड्या वळून दिल्याशिवाय ठेकेदार पैसे देत नाही, मग शून्य कसं? वर्ग हसला. सर म्हणाले, आपण थिअरी बोलतोय.

त्यानंतर मी त्याच्या मागंच लागले. आणि जे सापडलं ते कुठल्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. सरकारी रोजगार सर्व्हेत घरून पीस रेटवर, म्हणजे नगावर पैसे घेऊन, काम करणारी बाई "सेल्फ एम्प्लॉइड" मध्ये मोजतात. म्हणजे तंबाखू ठेकेदाराचा, पानं ठेकेदाराची, दर ठेकेदाराचा, छाट, म्हणजे नापास, बिड्या किती काढायच्या ते पण तोच ठरवणार, आणि बाई मात्र स्वतःच्या धंद्याची मालकीण! बिडी कामगारांचा १९६६ चा कायदा झाला, त्यात घरी वळणारी बाई कामगार म्हणूनच धरली होती, आणि १९८५ ला सुप्रीम कोर्टानं पीएफच्या बाबतीत पण तेच सांगितलं. कोर्टाला जी कामगार दिसते ती आकडेवारीत मालकीण होते. आता पीएलएफएसचे, म्हणजे त्याच सरकारी रोजगार सर्व्हेचे, आकडे घे, १५ वर्षांवरच्या बायकांचा कामातला सहभाग २०१७-१८ ला २३.३ टक्के होता तो २०२३-२४ ला ४१.७ टक्के झाला म्हणतात, आणि ही वाढ बरीचशी सेल्फ एम्प्लॉइडमध्येच आहे. हा आकडा बघून कुणी पेढे वाटायला लागला की मला आईचं सूप आठवतं.

आणि ही मोजलेल्या बायकांची गोष्ट झाली. मी स्वतः फॉर्म घेऊन फिरत होते तेव्हा एका घरात नवरा दारात उभा राहून सांगतोय, "ती घरातच असतीया की, काय करत न्हाई." आणि मागं ती बाई कट्टे बांधत बसलेली. सर्व्हे करणारा घाईत असेल तर लिहून मोकळा, घरकाम.

डिझर्टेशनचा विषय त्यातूनच निघाला. क्रूगर आणि कार्ड या दोघांचा १९९४ चा पेपर तुला शिकवतीलच. न्यू जर्सीत किमान वेतन वाढलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात नाही, मग हद्दीच्या दोन्ही बाजूच्या फास्ट फूडच्या दुकानात नोकऱ्यांचं काय झालं ते त्यांनी तपासलं. कार्डला २०२१ ला नोबेल मिळालं. मी वाचलं आणि म्हटलं, अरे हे तर आपल्या कोगनोळी नाक्याचं झालं! इकडं कर्नाटकातलं निपाणी, तिकडं महाराष्ट्रातलं कागल. तीच जमीन, तीच भाषा, एकीचं माहेर तिकडं आणि सासर इकडं, आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून सरकारं दोन. हजार बिड्यांमागचा किमान दर दोन्ही राज्यं आपापला जाहीर करतात. सीमाप्रश्नावर आपल्याकडं भाषणं किती झाली असतील, पण या रेषेमुळं बाईच्या हातात पैसे किती कमी-जास्त पडतात हे कुणी विचारलेलं मला तरी दिसलं नाही.

गाइडना सांगितलं. ते म्हणाले हा विषय पॉलिटिकल आहे, आणि सॅम्पल छोटा, त्यापेक्षा एनएसएसचा (सरकारी नमुना सर्व्हेचा) तयार डेटा घे, लॅपटॉपवर काम होईल. एनएसएसमध्ये या बायका मालकीण म्हणून बसल्यात हे सांगून दमले. शेवटी "तुझ्या रिस्कवर कर" म्हणाले, तर केलं. एसटी, कर्नाटकची बस, वडाप, जे मिळेल त्यानं फिरले. संध्याकाळीच जायला लागायचं, ठेकेदाराकडं माल देऊन बायका परत आल्या की.

सापडलं काय, तर कागदावरच्या दरापेक्षा ठेकेदार महत्त्वाचा. दर कितीही असू दे, तो पानं कमी तोलून देतो, मग कमी पडलेली पानं बाई स्वतःच्या पैशानं आणते, वर हजारातल्या किती छाट म्हणून काढल्या त्याला काही हिशोब नाही, आणि छाट काढलेल्या बिड्या तो परत देतो असंही नाही. हे सगळं वजा केलं की दोन राज्यातला फरक जवळजवळ पुसला जातो. दुसरं म्हणजे काही ठेकेदार दोन्ही बाजूला माल वाटतात. म्हणजे कंट्रोल ग्रुप, ज्याच्यावर दरवाढीचा परिणाम नाही अशी तुलनेची बाजू, म्हणायचं कुणाला? एकीकडं दर वाढला की माल दुसरीकडं सरकतो, मग तुलनाच बिघडते. केरळात हे मोठ्या प्रमाणावर झालंय, १९६६ चा कायदा लागू करायची वेळ आल्यावर मंगळूरच्या बिडी मालकानं कण्णूरमधलं काम बंद केलं आणि त्यातून १९६९ ला तिथल्या कामगारांची दिनेश बिडी सहकारी संस्था उभी राहिली. निपाणीत तसं काही झालं नाही, आपल्याकडं १९८१ ला शरद जोशींचं आंदोलन झालं ते तंबाखू पिकवणाऱ्यांचं, वळणाऱ्यांचं नाव त्यात मागं राहिलं. यावरही एम.ए.चा एक थिसिस होईल, कर कुणीतरी.

मग व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक. कंट्रोल ग्रुपची ही अडचण मी स्वतः एक आख्खं चॅप्टर लिहून मांडली होती, मला वाटलं त्यावर धुतील, तयारी करून गेले होते. त्यांनी ते पान उघडलंच नाही. विचारलं काय, तर "प्रस्तावनेत लिहिलंय तुमची आई बिडी कामगार आहे, मग हे संशोधन बायस्ड नाही का?" मी तेव्हा काहीतरी मेथडॉलॉजीचं बोलून वेळ मारून नेली. मार्क बरे मिळाले, तो विषय नाही.

पण उत्तर मी आज देते. व्याजदरावर पेपर लिहिणाऱ्याच्या बापाची एफडी किती आहे हे कुठल्या व्हायवात विचारतात? ज्या गोखले इन्स्टिट्यूटचं नाव घेताना सगळे कान पकडतात तिथले धनंजयराव गाडगीळ, ते प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते, नुसते अभ्यासक नव्हते, कारखाना चालवायला बसले होते, आणि सहकारावर लिहीत पण होते. त्यांना कुणी बायस्ड म्हटलं नाही, अनुभवी म्हटलं. बिडीवाल्या बाईची मुलगी आली की मात्र बायस. ज्याला छाट म्हणजे काय ते माहीत नाही त्याच्या प्रश्नावलीत छाटचा कॉलमच नसतो, आणि तो कॉलम नसला की बाईची कमाई कागदावर जास्त दिसते. आता सांगा बायस कुणाचा!

तेव्हा एसओपीत आईचं लिही. पहिल्याच परिच्छेदात लिही. फक्त रडगाणं लिहू नको, काम कसं चालतं ते लिही, दर कोण ठरवतं, पानं कोण तोलतं. निवड करणाऱ्याला अक्कल असेल तर त्याला कळेल, नसेल तर तिथं जाऊन तरी काय करणार.

कन्नड. यावर आपल्यातलेच लोक मला शिव्या घालतील, घालू देत. शीक. १ नोव्हेंबरचा काळा दिवस पाळ, मोर्चाला जा, तो तुझा हक्क, पण कन्नड वाचता आलं पाहिजे. कर्नाटकच्या "भूमी" प्रकल्पात जमिनीचे जवळपास २ कोटी उतारे कॉम्प्युटरवर आणले, ते जगभर यशाचं उदाहरण म्हणून शिकवतात, आम्हाला पण शिकवलं, आणि आमच्या बाबांना त्यांचाच उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यायला लागतो. २००२ चा नंजुंडप्पा समितीचा रिपोर्ट, ज्यात कर्नाटकातले ११४ तालुके मागास ठरवले, तो विषय हातात घेतलास तरी तालुका ऑफिसातले कागद कन्नडमध्येच मिळणार. फील्डवर्क करणाऱ्याला दुभाषा परवडत नाही, आणि दुभाषा बहुतेक वेळा गावचा पुढारीच असतो.

कुठं करावं? पुण्याला गोखले, दिल्लीत डी-स्कूल (दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) नाहीतर जेएनयू, मुंबईत आयजीआयडीआर, तिरुअनंतपुरमला सीडीएस. गणित पक्कं असेल तर या क्रमाची फार चिंता करू नको, जिथं लागेल तिथं जा. धारवाड किंवा कोल्हापूरला राहून पण चांगलं होतं, घरचं जेवण आणि फील्ड दोन्ही जवळ, फक्त इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे रिग्रेशन वगैरे, तुझं तुलाच शिकायला लागेल. "डेव्हलपमेंट स्टडीज" आणि "इकॉनॉमिक्स" यात गल्लत करू नको. पहिल्यात समाजशास्त्र, राजकारण सगळं येतं, वाचायला मजा येते, पण इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची परीक्षा द्यायची असेल तर डिग्री इकॉनॉमिक्सचीच लागते, डेव्हलपमेंट स्टडीजवर बसता येत नाही. हे मला लोक एम.ए. झाल्यावर येऊन विचारतात.

नोकरी: रिसर्च असिस्टंट, एनजीओत नाहीतर कन्सल्टन्सीत इव्हॅल्युएशनचं काम, नेट-सेट काढून कॉलेज, आणि वर म्हटलं ती सर्व्हिस किंवा रिझर्व्ह बँकेचा रिसर्च विभाग, पण तिथं जागा फार थोड्या. बॅनर्जी-डुफ्लो-क्रेमरला २०१९ ला नोबेल मिळाल्यापासून आरसीटीवाल्यांकडं (योजना काही गावांना देऊन, काहींना न देऊन फरक मोजणाऱ्यांकडं) फील्डचं काम बरंच असतं, मराठी-कन्नड दोन्ही येणारा माणूस त्यांना हवाच असतो. सुरुवातीचा पगार बँकेतल्या क्लार्कपेक्षा फार जास्त असतो असं समजू नको. माझा मामा अजून दर दिवाळीला म्हणतो, बँकेच्या परीक्षा दिल्या असत्यास तर घर झालं असतं, आणि हिशोबानं तो चूक आहे असं मी म्हणणार नाही.

एक राहिलं. घरात कर्ज असेल तर खासगी युनिव्हर्सिटीची लाखांची फी भरून हे करू नको, सरकारी ठिकाणी नंबर लागला तरच जा. आणि मराठा असशील तर आपल्याकडचं थ्री-बीचं, म्हणजे कर्नाटकातल्या मागास प्रवर्गाचं, सर्टिफिकेट महाराष्ट्रात चालत नाही, केंद्राच्या संस्थेत पण नाही, हे आधीच लक्षात घे, म्हणजे ऐनवेळी धावाधाव होणार नाही. गाव महाराष्ट्र हक्क सांगतो त्या ८६५ गावांच्या यादीत असेल तर महाराष्ट्रात काही ठिकाणी सीमाभागासाठी वेगळी सोय असते, ॲडमिशन ऑफिसला फोन करून विचार.

बी.ए.ला स्टॅटिस्टिक्सचा पेपर होता का नव्हता ते लिही, नसेल तर कुठनं सुरुवात करायची ते सांगते.