‘अ मिडसमर नाईट्स ड्रीम’मध्ये डिमिट्रियसवरची जादू शेवटपर्यंत उतरतच नाही. मग त्याचं हेलेनावरचं प्रेम खरं कसं मानायचं, आणि हे नाटक सुखान्त कसं?

नेमक्या जागी बोट ठेवलंत. हे नाटक मी अनेकदा वाचलंय आणि दर वेळी याच ठिकाणी थांबावं लागतं.

आधी घडतं काय ते बघू. व्रतस्थ कुमारिकेवर सोडलेला क्युपिडचा बाण हुकतो आणि एका पांढऱ्या फुलावर पडतो. ते फूल जांभळं होतं. झोपलेल्या माणसाच्या पापण्यांवर त्याचा रस पिळला की जाग आल्यावर जे पहिलं दिसेल त्याच्यावर जीव जडतो. अथेन्सजवळच्या जंगलात पऱ्यांचा राजा ऑबेरॉन हे काम आपला सेवक पक याच्याकडे सोपवतो. पक डिमिट्रियस समजून लायसँडरच्या डोळ्यांत रस घालतो, मग ऑबेरॉन स्वतः डिमिट्रियसच्या. दोघंही हेलेनाच्या मागे लागतात आणि हर्मिया, जिच्यासाठी कालपर्यंत दोघं भांडत होते, ती वाऱ्यावर. निस्तरताना पक उतारा पिळतो तो फक्त लायसँडरच्या डोळ्यांत. पऱ्यांची राणी टिटानिया हिच्याही डोळ्यांत रस घातलेला असतो, तिला चौथ्या अंकात ऑबेरॉन मोकळं करतो. डिमिट्रियसला कोणीच करत नाही. तो लग्नाला उभा राहतो तोही डोळ्यांत रस असतानाच. शेक्सपिअरकडून हे अनवधानानं राहून गेलं असं मला अजिबात वाटत नाही.

कारण जंगलात शिरण्यापूर्वीचा डिमिट्रियस आठवा. पहिल्याच प्रवेशात लायसँडर भर दरबारात सांगतो की यानं आधी हेलेनावर प्रेम केलं, तिचं मन जिंकलं आणि मग तिला सोडलं. अथेन्सचा ड्यूक थीसिअस यावर म्हणतो, हे मीही ऐकलं होतं, याच्याशी बोलणारही होतो, पण माझ्याच व्यापात राहून गेलं! इकडे हर्मियानं बापाचं ऐकून डिमिट्रियसशी लग्न केलं नाही तर तिला देहदंड, नाहीतर देवळात आजन्म कुमारिका. आणि शब्द मोडणाऱ्या पुरुषाशी बोलायचं मात्र ड्यूकच्या लक्षात राहत नाही. हेलेना पुढे म्हणते की त्यानं माझ्यावर शपथांच्या गारा बरसवल्या आणि हर्मियाची ऊब लागताच त्या वितळून गेल्या.

म्हणजे डिमिट्रियसचं मन पहिल्यांदा फिरलं तेव्हा कोणतंही फूल नव्हतं. कारणही नव्हतं. ते फिरणं आपण ‘नैसर्गिक’ म्हणून मुकाट्यानं मान्य करतो, आणि तेच मन मूळ जागी परत आलं की ‘जादू’ म्हणून शंका घेतो. मला विचाराल तर नाटकाचा सगळा डाव इथेच आहे. चौथ्या अंकात डिमिट्रियस स्वतः सांगतो की आजारी माणसाला अन्न नकोसं व्हावं तसं मला झालं होतं, आता प्रकृती सुधारली आणि मूळची चव परत आली. त्याच्या लेखी आजार म्हणजे हर्मिया.

लायसँडरचं तर आणखी मजेदार आहे. डोळ्यांत रस पडून क्षणही लोटलेला नसतो आणि हा हेलेनाला पटवून देतो की माणसाची इच्छा बुद्धीच्या सांगण्यानं चालते, आणि माझी बुद्धी सांगते की हर्मियापेक्षा तूच सरस. रस बोलतोय आणि याला वाटतंय आपण विचार करतोय. या साऱ्या रात्रीत शहाणं वाक्य कोणाच्या तोंडी आहे? बॉटम विणकराच्या, तेही खांद्यावर पकनं बसवलेलं गाढवाचं डोकं असताना. टिटानिया त्याच्यावर भाळते तेव्हा तो म्हणतो, बाईसाहेब, यासाठी तुमच्यापाशी काही कारण दिसत नाही. पण खरं सांगायचं तर हल्ली बुद्धीचं आणि प्रेमाचं फारसं जमत नाही.

आता हेलेना. तिला हे प्रेम खरं वाटतं का? सकाळी सगळे जागे होतात तेव्हा ती म्हणते की डिमिट्रियस मला सापडलाय तो वाटेत रत्न सापडावं तसा: माझा आहे, आणि माझा नाहीही. तुमच्या प्रश्नाचं याहून प्रामाणिक उत्तर नाटकात दुसरं नाही. वाटेत सापडलेल्या वस्तूवर कोणीही येऊन हक्क सांगू शकतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे. लगेच डिमिट्रियस विचारतो, आपण नक्की जागे आहोत ना? आणि पाचव्या अंकात, लग्नानंतर, कारागीर मंडळी पिरॅमस आणि थिस्बीचं नाटक करतात तेव्हा थीसिअस, लायसँडर आणि डिमिट्रियस हे तिन्ही नवरे टवाळी करत बसतात, पण हर्मिया आणि हेलेना यांच्या वाट्याला एकही वाक्य नाही. प्रयोग बघायला मिळाला तर तिथे या दोघींकडे बघा. दिग्दर्शकाला काय वाटतं ते त्यांच्या बसण्यावरून कळतं.

मला मात्र डिमिट्रियसपेक्षा टिटानियाचं प्रकरण जास्त सलतं. तिचं आणि ऑबेरॉनचं भांडण एका भारतीय मुलावरून आहे. त्याची आई टिटानियाची भक्त. भारतातल्या सुगंधी हवेत दोघी समुद्रकाठी रात्री गप्पा मारत बसायच्या, वाऱ्यानं फुगलेली शिडं बघून हसायच्या. ती बाळंतपणात गेली, आणि तिच्यासाठी म्हणून टिटानिया मूल सांभाळते. ऑबेरॉन तिला रसाच्या अमलाखाली ठेवून ते मूल पदरात पाडून घेतो. जाग आल्यावर ती मुलाबद्दल एक शब्द काढत नाही. निकोलस हायटनर यांनी 2019 साली लंडनच्या ब्रिज थिएटरमध्ये हाच भाग उलटा केला: दोघांचे संवाद अदलाबदल करून रस टिटानियाच्या हाती दिला आणि ऑबेरॉनला बॉटमच्या प्रेमात पाडलं. शुद्धतावाद्यांना ते रुचणार नाही, पण मूळ संहितेतली बोच कुठे आहे हे या बदलानं लख्ख दिसतं.

तेव्हा डिमिट्रियसचं प्रेम मी खरं मानतो, त्यानं हर्मियावर केलेल्या प्रेमाइतकंच. ते टिकेल का, हे विचाराल तर हेलेनाच्या त्या वाक्यापलीकडे जाऊन सांगायची माझी तयारी नाही. पुन्हा वाचायला घ्याल तेव्हा दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश आणि चौथ्याचा पहिला, हे दोन लागोपाठ वाचा.